वासोटा, कोयना आणि जावळीचं रान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारच्या पश्चिमेला कास पठार ओलांडलं की रस्ता खाली बामणोलीकडे उतरतो आणि समोर शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी दिसतं. त्या पाण्यापलीकडची हिरवीगार रांग म्हणजे या पानाचा विषय. दर हंगामात तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. दर आणि वेळा मुद्दाम लिहिलेल्या नाहीत; त्या बदलतात आणि वनखात्याच्या कार्यालयात सांगतील तेच खरं.

ही नेमकी कुठली डोंगररांग?

सह्याद्रीचा कणा महाबळेश्वराकडून दक्षिणेला उतरतो. त्याला समांतर पूर्वेकडे आणखी एक रांग जाते. यवतेश्वर, कास ही ठिकाणं तिच्यावर. या दोन रांगांच्या मधल्या चिंचोळ्या खोऱ्यातून कोयना वाहते. महाबळेश्वरात उगम पावल्यावर ती चक्क उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. सोळशी आणि कांदाटी या तिला वरच्या अंगाला मिळणाऱ्या नद्या. वासोटा किल्ला आहे तो पश्चिमेच्या कण्यावर, अगदी धारेला. त्याच्या मागे जमीन संपते आणि खाली कोकण दिसतं.

दगड सगळा दख्खनचा काळा बेसॉल्ट. माथ्यावरच्या सपाटीवर मात्र जांभा. म्हणूनच कास पठारावर झाडं नाहीत, फुलं आहेत. आणि उतारांवर, जिथे माती साठते, तिथे दाट रान.

जावळीचं खोरं ते हेच का?

हो, जावळी म्हणजे याच खोऱ्याचा वरचा भाग. चंद्रराव ही पिढीजात पदवी लावणारे मोरे इथे आदिलशाहीच्या नावाने राज्य करत, पण खरं बळ त्यांना रानानं दिलेलं होतं. ‘येता जावळी, जाता गोवळी’ ही त्यांची मिजास आजही सातारकडे ऐकायला मिळते: या खुशाल, परत जाल की नाही ते आम्ही बघतो. १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. मग मोरोपंत पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधून घेतला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला त्याच्या पायथ्याशी अफझलखानाचा निकाल लागला. खानाची फौज मोठी होती, तोफा होत्या, हत्ती होते. या झाडीत त्यांतलं काहीच कामाला आलं नाही. प्रतापगडाची लढाई शिकवताना आम्हाला वाघनखं सांगितली, कारवीच्या झुडपांची दाटी कुणी सांगितली नाही.

मग वासोटा कधी स्वराज्यात आला?

जावळीबरोबर नाही. किल्ला मूळचा शिलाहारांच्या काळातला मानतात, पन्हाळ्याच्या भोजाचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. महाराज पन्हाळ्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते त्या १६६० सालच्या पावसाळ्याच्या तोंडावर मावळ्यांनी तो घेतला. महाराजांनी त्याला व्याघ्रगड हे नाव दिलं.

आडजागी असल्यामुळे त्याचा मुख्य उपयोग झाला तो तुरुंग म्हणून. राजापूरच्या वखारीतले काही इंग्रज १६६१ नंतर इथे डांबले गेले. पेशवाईच्या शेवटीही तेच. इथे पहारा कडक ठेवावा लागत नसे. पळून जाणार तरी कुठे?

ताई तेलिणीची गोष्ट खरी की दंतकथा?

खरी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला औंधचे परशुरामपंत प्रतिनिधी आणि दुसरा बाजीराव यांचं बिनसलं. प्रतिनिधी कैदेत पडले. त्यांची सहचरी ताई तेलीण हिने माणसं जमवून त्यांना सोडवलं, पण पेशव्यांचा सरदार बापू गोखले याने त्यांना पुन्हा पकडलं. तेव्हा ताईने वासोटा धरला आणि कित्येक महिने गोखल्यांच्या फौजेला दाद दिली नाही. शेवटी गडावरच्या धान्याच्या कोठाराला आग लागली आणि किल्ला द्यावा लागला.

तिच्यावर आणि गोखल्यांवर रचलेली एक खट्याळ ओवी लोकांच्या तोंडी आहे. लाँचवाल्या मामांना विचारा, हसत हसत म्हणून दाखवतील. मला खटकतं ते वेगळंच. तालेवार सेनापतीला महिनोन्‌महिने अडवून धरणाऱ्या बाईची आठवण विनोदापुरती उरली आणि गडावर तिच्या नावाचा साधा दगडही दिसत नाही.

किल्ला पडला कसा?

१८१८ मध्ये. बाजीराव पळत होता आणि त्याने छत्रपती प्रतापसिंहांच्या घरातली माणसं वासोट्यावर ठेवली होती. शिवाय दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते. फेब्रुवारीत सातारा इंग्रजांच्या हाती गेला, त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. एप्रिलच्या सुरुवातीला जनरल प्रिट्झलरची फौज वासोट्याखाली आली. समोरासमोर हा गड घेणं अवघडच. पण शेजारी जुना वासोटा म्हणून त्याच्याहून उंच डोंगर आहे. इंग्रजांनी तिथे तोफा चढवल्या आणि वरून मारा केला. गड लवकरच पडला. आज वासोट्यावर उभं राहून जुन्या वासोट्याकडे पाहिलं, की गडाचा हा दुबळेपणा न सांगता कळतो.

‘अनाघ्रात’, ‘माणसाचा स्पर्श न झालेलं’ जंगल म्हणतात ते हेच ना?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नाही. या रानात माणसं राहत होती. गावं होती, नाचणी-वरीची शेतं होती, उतारावर झाडोरा तोडून-जाळून केलेली कुमरी शेती होती, गवळी धनगरांचे वाडे होते, कोकणात मीठ-तांदळाची ने-आण करणाऱ्या घाटवाटा होत्या. वासोट्याच्या पायथ्याला लाँच जिथे लागते ते मेट इंदवली हे गावच होतं. किल्ल्याच्या वाटेवर चालताना रानात मधेच आंब्याचं मोठं झाड दिसतं, फणस दिसतो, दगडी ताल घातलेलं खाचर दिसतं. आंबा रानात आपोआप रांगेत उगवत नाही.

धरणाचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं. बुडीत आणि बाधित गावं शंभराच्या घरात. सुपीक जमीन होती ती नदीकाठाला, ती गेली. काही लोक सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा मुलखांत नव्या वसाहतींत गेले. काही पाण्याच्या वर डोंगराला चिकटून राहिले. मग १९८५ साली याच डोंगरावर कोयना अभयारण्य जाहीर झालं, सुमारे ४२३ चौरस किलोमीटरचं, आणि वर सरकलेल्यांना पुन्हा हलायची वेळ आली. दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोलीतही हेच झालं; ते रान २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. कोयनेच्या धरणग्रस्तांची आंदोलनं अगदी अलीकडेपर्यंत चालू होती. जमीन वाटपाचे कागद आजोबांच्या नावाचे आणि मोर्च्यात नातू, असं चित्र.

म्हणजे आज आपण जी दाट झाडी बघून हरखतो ती काही प्रमाणात गेल्या साठ वर्षांत, माणसं उठल्यावर भरून आलेली आहे. रान वाढलं हे चांगलंच झालं. पण त्याची किंमत कुणी दिली हे माहीत असूनच तिथे चालावं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला जुनी जोती उघडी पडतात, त्या गाळावर काही जण अजून गाळपेर करतात. तिथे फोटो काढताना कुणाच्या उंबऱ्यावर उभे आहोत, एवढं ध्यानात असू द्या.

आणि कोयना धरण? वीज कुठे तयार होते?

धरण कोयनानगरजवळ, हेळवाकपाशी. उंची १०३ मीटर, पाणीसाठा १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). शिवसागराची लांबी पन्नासेक किलोमीटर. गंमत अशी की पूर्वेला वाहणारं हे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून कोकणात, चिपळूणच्या बाजूला खाली सोडतात. सह्याद्रीचा कडा म्हणजे आयता मिळालेला उतार. भूगर्भातल्या वीजगृहांसह प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटच्या आसपास. पाणी सातारचं, खाली उतरून ते वाशिष्ठीला मिळतं.

भूकंपाची भीती आहे का?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला, तीव्रता साडेसहाच्या आसपास. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं हे जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आहे आणि कऱ्हाडजवळ त्यासाठी खोल विंधनविवरांचं संशोधन केंद्र आहे. लहान धक्के अजून येतात. पाटण तालुक्यातली माणसं भांडी वाजली तर एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा जेवायला लागतात. सहलीला येणाऱ्याने त्यासाठी बेत रद्द करायचं कारण नाही.

वासोट्याला जायचं कसं?

सातारा ते कास सुमारे २५ किलोमीटर, पुढे उतरून बामणोली. सातारा स्टँडवरून एसटी जाते, पण फेऱ्या मोजक्या आहेत. मुक्काम करून पहाटे निघणं सोयीचं. बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची, ओळखपत्राची प्रत द्यायची, मग लाँच. तापोळा, शेंबडी, मुनावळे इथूनही लाँच मिळते. भाडं डोक्यावर नसून लाँचमागे असतं, त्यामुळे दोघं-तिघं असाल तर काठावर दुसरा गट शोधा, सहसा मिळतो.

पाण्यावरून तास-दीड तास. मेट इंदवलीला उतरलं की पुन्हा वनखात्याची चौकी: नोंद, आणि प्लास्टिकच्या वस्तूंची मोजदाद. परत येताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. काहींना हा जाच वाटतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी हा गड पाहिलाय त्यांना वाटत नाही.

मग ओढा, मारुती-गणपतीचं ठाणं आणि तिथून सावलीतली चढण. रोज चालणाऱ्याला दीड-दोन तास, नाहीतर अडीच. वाट मळलेली आहे, चुकत नाही. शेवटच्या टप्प्यात झाडी सरते आणि पायऱ्या लागतात. दमछाक होते ती इथेच.

वर बघण्यासारखं काय?

दरवाजांचे अवशेष, बिनछपराचा मारुती, पाण्याचं टाकं, महादेवाचं मंदिर, वाड्यांची जोती, चुन्याचा घाणा. बांधकामासाठी म्हणून जाल तर हिरमोड होईल. राजगड-प्रतापगडची भव्यता इथे नाही. वासोटा बघायचा तो बाबूकड्यासाठी. नालेच्या आकाराचा प्रचंड तुटलेला कडा, समोर जुना वासोटा, खाली कोकणातलं चोरवणे. हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्याची आठवण होतेच. हिवाळ्यात सकाळी खालून ढग चढतात आणि कड्याशी येऊन विरतात. दुसऱ्या टोकाला नागेश्वराचा सुळका दिसतो.

नागेश्वरला त्याच दिवशी जाऊन येता येईल का?

पहिली लाँच पकडली आणि पाय चालते असतील तर येईल. वासोट्याच्या वाटेलाच फाटा आहे. गुहेत शिवलिंग आहे, कातळातून त्यावर पाणी ठिबकत असतं. महाशिवरात्रीला घाटावरून आणि कोकणातून, दोन्हीकडून लोक येतात. फक्त घड्याळ बघा. संध्याकाळी ठरल्या वेळेला सगळ्यांनी काठावर असायला हवं, आणि लाँचवाले दादा गटातल्या एका रेंगाळणाऱ्यामुळे अंधारात लाँच हाकणार नाहीत. हाकूही नये.

गडावर मुक्काम?

नाही. हा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आहे. तंबू बामणोली, शेंबडी, तापोळा भागात काठाला लावता येतात. तिथेही रात्री स्पीकर लावणारे भेटतात. त्यांना काय सांगावं हे मला अजून सुचलेलं नाही.

कोकणातून चोरवण्याकडून चढलं तर?

जुनी वाट आहे, खडी आणि रोमांचक. पण परवानगीशिवाय गाभा क्षेत्रात शिरणं हा गुन्हा आहे. जुना वासोटाही बंद आहे. वाट मोडली आहे आणि जनावरांचा वावर जास्त. समाजमाध्यमांवर कुणाचा व्हिडिओ दिसला म्हणून जाऊ नका.

कोणत्या महिन्यात यावं?

पावसाळ्यात किल्ला बंद. पाऊस ओसरला की, साधारण दिवाळीच्या आगेमागे, उघडतो. माझं मत विचाराल तर डिसेंबर-जानेवारी. हवा स्वच्छ, तळं भरलेलं, ओढ्याला पाणी. मार्च-एप्रिलमध्ये ऊन जाळतं आणि पाणी उतरल्यामुळे लाँचपासून चौकीपर्यंत चिखल-गाळातून चालावं लागतं. पण रानमेवा तेव्हाच, करवंद, जांभूळ, तोरणं. ऑक्टोबर सुंदर असतो, फक्त जळवा असतात.

पावसाचं गणित इथे थक्क करणारं आहे. सातारा शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि कोयनेकाठी नवजाला पाच हजारांच्या वर सहज. दोन्हींत हवाई अंतर पन्नास किलोमीटरही नसेल.

वाघ दिसेल का?

दिसणार नाही असं समजूनच या. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून झाला, बफर धरून सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर. बरीच वर्षं इथे दक्षिणेकडून येणारा-जाणारा एखादाच वाघ कॅमेऱ्यात सापडे. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून पहिली वाघीण चांदोलीत आणली गेली. पुढे काय होतं ते बघायचं. हरणांची संख्या पुरेशी हवी, तरच वाघ टिकतो. खरं काम तिथे आहे.

तुम्हाला दिसतील ते शेकरू, माकडं, नशीब असेल तर भेकर, आणि गव्याची विष्ठा. गवा स्वतः दिसला तर वाट त्याची आहे असं समजून थांबा. अस्वलाची गाठ ही इथली खरी जोखीम. अस्वलाला अचानक माणूस समोर आलेला सहन होत नाही. म्हणून वळणावर नेहमीच्या आवाजात बोलत चाला. शिट्ट्या आणि आरोळ्या मात्र नकोत, कड्याला आग्या मोहोळं असतात. अत्तर, सेंट घरी ठेवा.

झाडांत अंजनी, हिरडा, पिसा, आईन, किंजळ, जांभूळ. आणि सगळीकडे कारवी. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि त्या वर्षीचा मध काही औरच असतो. धनेशाच्या पंखांचा आवाज एकदा ओळखीचा झाला की मग वर न बघताही कळतो.

लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर आहेत. काय करावं?

दहा वर्षांवरची धडधाकट मुलं वासोटा आरामात करतात, मोठ्यांपेक्षा बरी. ज्यांना चढण झेपत नाही त्यांना बामणोली-तापोळा परिसरात लाँचची फेरी, सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा. पाटणकडे जाणार असाल तर दातेगड बघाच. वरपर्यंत फारसं चालावं लागत नाही, आणि कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची पायऱ्यांची विहीर आहे. उन्हाळ्यातही आत उतरलं की थंडी वाजते. तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात ते मनावर घेऊ नका. तापोळा तापोळ्यासारखा छान आहे.

मुनावळेला २०२४ पासून सरकारी जलक्रीडा केंद्रही आहे. मुलांना आवडतं. मला शांत पाणी आवडतं.

कास आणि वासोटा एकाच दिवसात?

फुलांच्या हंगामात वासोटा बहुतेक बंदच असतो, त्यामुळे प्रश्न मिटला. कासला ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आगाऊ नोंदणी करून, शक्यतो मधल्या वारी. रविवारी पठारावर फुलांपेक्षा गाड्या जास्त.

हा भाग जागतिक वारसा आहे का?

आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना तो दर्जा मिळाला; महाराष्ट्रातली चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

बरोबर काय घ्यावं?

माणशी तीन लिटर पाणी, वर पाण्याचा भरवसा नको. भाकरी-चटणी किंवा धपाटे. चिप्सच्या पाकिटांची मोजदाद देत बसण्यापेक्षा फडकं बरं. पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी. जळवांच्या दिवसांत मीठ किंवा तंबाखूची पूड. कासच्या पुढे मोबाइलला रेंज येते-जाते, म्हणून यूपीआयच्या भरवशावर राहू नका; लाँच आणि परवानगीपुरते रोख पैसे साताऱ्यातच काढून घ्या.

जेवणाचं काय?

बामणोलीत घरगुती खाणावळी आहेत. निघताना सांगून जा, परतल्यावर गरम मिळतं. पिठलं-भाकरी, शिवसागरातले मासे, इंद्रायणी तांदळाचा भात. मासे आहेत का ते सकाळीच विचारा, संध्याकाळी संपलेले असतात. मध घ्यायचा असेल तर महाबळेश्वरकडून परतताना मांघरहून घ्या. ‘मधाचं गाव’ म्हणून ते प्रसिद्ध आहे.

वाटाड्या लागतो का?

वासोट्याच्या मळलेल्या वाटेला सक्तीचा नाही. नागेश्वरला, जंगली जयगड किंवा भैरवगड या किल्ल्यांना नक्की घ्या, आणि तो खोऱ्यातलाच घ्या. पूर्वी इथे गाव कुठे होतं, विहीर कुठे होती, कुठल्या आंब्याखाली बाजार भरायचा हे त्याला घरातून माहीत असतं. पैसे आधी ठरवा आणि ठरलेले पूर्ण द्या, घासाघीस करू नका.